भल्यासाठी बोलणाऱ्यांची भलावण पुरे

एखाद्या बाईचं वजन चार किलोंनी वाढलं की ते तिच्याआधी नातेवाइकांना कळतं. मंगल कार्यालयात अक्षता घेऊन उभी असताना, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, हळदीकुंकवाचं वाण हातात पडता पडता कोणीतरी नजरेनंच तिचं माप घेतं आणि म्हणतं, "काय गं, तब्येत सुधारलेली दिसतेय!" ऐकणारीनं हसायचं असतं. नाही हसली तर ती फार मनाला लावून घेते. हसली तर पुढचा हप्ता तयारच असतो. "तुझ्या भल्यासाठीच सांगते हं, राग मानू नकोस." मग जिऱ्याचं पाणी येतं, कोमट पाण्यातलं लिंबू-मध येतं, नणंदेच्या जावेनं तीन महिन्यांत पंधरा किलो उतरवले ती कथा येते. त्या जावेचे पंधरा किलो वर्षभरात व्याजासकट परतले, हा कथेचा उत्तरार्ध मात्र कोणी सांगत नाही.

पुरुषांची यातून सुटका आहे असं नाही, पण त्यांच्या पोटाला 'सुखाचं' म्हणायची सोय आहे. बायकांना बाळंतपणाची तेवढी सवलत, तीही वर्षभरापुरती.

अलीकडे काही जण वेगळं बोलू लागलेत. शरीर आहे तसं आपलं म्हणा, त्याचा दुस्वास थांबवा, मग त्याला आवडेल तसं हलवा, नीट जेवू घाला, नीट झोपू द्या. बोलणं साधं आहे. पण भल्यासाठी बोलणाऱ्यांचं पित्त त्यानं असं खवळलंय की विचारू नका. त्यांचं म्हणणं शक्यतो त्यांच्याच शब्दांत मांडते, म्हणजे अन्याय नको. ते म्हणतात: हे आळशांचं तत्त्वज्ञान आहे. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत, आणि तुम्ही आरशात बघून हसायला सांगता? लाज वाटल्याशिवाय माणूस जागचा हलत नाही. वजन म्हणजे शेवटी जिभेवरचा ताबा. तो ज्याला नाही त्याला दुसरा काय ताबा असणार? व्यायाम आनंदानं करायची गोष्टच नव्हे, औषध कडूच असतं. आणि ही सगळी अमेरिकेतली थेरं आहेत, आपल्याकडे नकोत.

म्हणणं ठसठशीत आहे, टाळ्या घेणारं आहे. तपासायला घेतलं की मात्र त्यातलं एक वाक्य धड उभं राहत नाही.

लाजेपासून सुरुवात करते, कारण सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. लाज हे औषध असतं तर महाराष्ट्रात एव्हाना एकही जाड माणूस उरला नसता. शाळेत 'ढोल्या' आणि 'भोपळा', कॉलेजात 'टुणटुण', लग्नाच्या जाहिरातीत 'सडपातळ हवी', सिनेमात आणि नाटकात जाड माणूस आला की प्रेक्षकांना हसण्याची आगाऊ परवानगी. इतक्या पिढ्यांना इतका डोस देऊन झाला. गुण का आला नाही? एखाद्या गोळीचा एवढ्या वर्षांत काडीचा उपयोग झाला नसता, तर याच मंडळींनी डॉक्टर बदलला असता.

गुण न येणं सोडाच, अपाय होतो. इंग्लंडमधल्या पन्नाशी ओलांडलेल्या २,९४४ लोकांवर चार वर्षं नजर ठेवून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. वजनावरून ज्यांना हिणवलं गेलं, वाईट वागवलं गेलं, त्यांचं वजन सरासरी ०.९५ किलोनं वाढलं. ज्यांच्या वाट्याला हे आलं नाही त्यांचं ०.७१ किलोनं उतरलं. त्याआधी वर्षभर, २०१३ मध्ये, अमेरिकेतल्या सहा हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. मुळात लठ्ठ नसलेल्यांपैकी ज्यांनी वजनावरून भेदभाव सोसला, ते पुढच्या चार वर्षांत लठ्ठ होण्याची शक्यता इतरांच्या अडीच पट निघाली. दोन्ही ठिकाणी संशोधकांनी सुरुवातीचं वजन हिशोबात धरलं होतं, म्हणजे "आधीच जाड होते म्हणून जास्त जाड झाले" ही पळवाटही बंद.

यात नवल ते काय? खो-खोच्या संघात शेवटी उरणारं पोर मैदानाकडे धावत जात नाही, पोटात दुखतंय म्हणून वर्गात बसतं. तीच मुलगी मोठी झाल्यावर पोहण्याच्या तलावावर जात नाही, कारण पोशाख घालून कपडे बदलायच्या खोलीपासून पाण्यापर्यंतची ती वीस पावलं तिला नको असतात. जिममध्ये जायच्या आधी थोडं बारीक व्हायला हवं असं तिला वाटतं. नाचायचं, ट्रेकला जायचं, बिनबाह्यांचं पोलकं शिवायचं, सगळं 'वजन उतरल्यावर'. चारचौघांत ती पानातलं अर्धं टाकते आणि रात्री स्वयंपाकघरातला दिवा न लावता डबा उघडते. टोमणा मारणाऱ्याला दिसतं ते तिचं अर्धं टाकलेलं पान, आणि त्याला वाटतं, बघा, लागलं की नाही औषध लागू!

दवाखान्यातही तीच तऱ्हा. घसा दुखतोय म्हणून गेलं तरी आधी काट्यावर उभं करतात आणि औषधाच्या चिठ्ठीवर पहिली ओळ 'वजन कमी करा' अशी येते. दोन वेळा असं झालं की तिसऱ्या वेळी माणूस जातच नाही, आणि मग जे लवकर सापडायला हवं ते उशिरा सापडतं. हे काही माझंच रडगाणं नाही. २०२० मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये जगभरातल्या तज्ज्ञांनी एक संयुक्त निवेदन काढलं. वजनावरून हिणवल्यानं शरीराला आणि मनाला इजा होते, आणि तसं हिणवलेला माणूस उपचारांपासून दूर राहतो, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. शंभराहून अधिक वैद्यकीय आणि शास्त्रीय संस्थांनी त्याला पाठिंबा दिला. त्या सगळ्या संस्था आळशांच्या होत्या असं म्हणायचं आहे का?

आता त्या नजरेकडे वळू. भल्यासाठी बोलणाऱ्याचा आपल्या डोळ्यांवर भलताच विश्वास असतो. माणूस दिसला की त्याच्या रक्तातली साखर, यकृतावरची चरबी, हृदयाचे ठोके सगळं त्याला दिसतं. प्रयोगशाळा बंद करायला हरकत नाही.

या नजरेचं पितळ उघडं पाडणारा पुरावा दुसरीकडे कुठे शोधायलाही नको, तो पुण्यातच आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन या दोघांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक पानभर मजकूर आणि शेजारी शेजारी उभे असलेले स्वतःचे फोटो छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. बघणाऱ्याला दोघेही सडपातळ. मग शरीरातली चरबी मोजली. यडकिन यांची निघाली ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! आपल्याकडच्या शरीरांत स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही पोटात लपलेली, ही गोष्ट याज्ञिकांच्या चमूनं पार पाळण्यापर्यंत नेऊन दाखवली. पुण्याजवळच्या सहा गावांत जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडच्या साउदम्प्टनमधल्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं लहानखुरी, हातपाय काटकुळे, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानानं राखून ठेवलेली. 'सडपातळ पण चरबीयुक्त' असलं हे विचित्र वर्णन आपल्या लेकरांचं आहे.

याचा अर्थ काय होतो ते बघा. ज्या देशात काटकुळ्या माणसाला चाळिशीच्या आत मधुमेह होऊ शकतो, तिथे नजरेनं आरोग्य ठरवणारा माणूस नुसता उद्धट नाही, धोकादायक आहे. तो जाड बाईला छळतो आणि बारीक माणसाला बेसावध ठेवतो. "तुला काय होतंय, काडी तर आहेस!" या वाक्यानं किती जणांच्या तपासण्या पुढे ढकलल्या गेल्या असतील? ऑफिसात दिवसभर खुर्चीत, दोन चहांच्या मध्ये तिसरा चहा, रात्री साडेअकराला जेवण, झोप पाच तास. पण पँट अठ्ठावीसची, म्हणून याला कोणी लिफ्टमध्ये सल्ला देत नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, दुसरं काय?

आणि ज्या बीएमआयचा दाखला देऊन हे सल्ले दिले जातात, त्याची जन्मकथा तरी यांना माहीत आहे का? १८३० च्या दशकात अडोल्फ केटले या बेल्जियन गणितज्ञानं उंचीच्या वर्गानं वजनाला भागण्याचं हे सूत्र मांडलं. हा माणूस खगोलशास्त्रज्ञ. त्याला लोकसंख्येतला 'सरासरी माणूस' हुडकायचा होता. तुमच्या वहिनीला पुरणपोळी वाढायची की नाही हा त्याचा प्रश्न नव्हता. १९७२ मध्ये अमेरिकी संशोधक अँसेल कीज यांनी त्याला आजचं नाव दिलं, तेही फक्त पुरुषांची मापं घेऊन. १९९८ मध्ये अमेरिकेत 'जास्त वजना'ची रेघ २५ वर आणली गेली आणि त्या दिवशी लाखो माणसं एक घासही जास्त न खाता एका रात्रीत जाड झाली. भारतासाठी ती २००९ मध्ये आणखी खाली, २३ वर आली. जानेवारी २०२५ मध्ये तर 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञमंडळानं सांगून टाकलं की नुसत्या बीएमआयवरून लठ्ठपणाचं निदान करू नका. कंबर मोजा, अवयवांवर काही परिणाम झालाय का ते तपासा. तज्ज्ञ इतके सावध, आणि लिफ्टमधल्या काकू मात्र ठाम!

जाता जाता एक आकडा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी २४ टक्के जास्त वजनाच्या निघाल्या. रक्तक्षय असलेल्या किती? ५७ टक्के. म्हणजे हळदीकुंकवाला जमलेल्या दर दोघींपैकी एकीहून जास्त. पण "काय गं, हिमोग्लोबिन किती तुझं?" असं वाण देताना कोणी विचारल्याचं ऐकिवात नाही. आरोग्याचीच काळजी असेल तर ती डोळ्यांना दिसणाऱ्या चरबीपाशी येऊनच का थांबते?

पुढचा मुद्दा जिभेवरच्या ताब्याचा, म्हणजे चारित्र्याचा. हा सगळ्यांत आवडता, कारण त्यात सांगणाऱ्याला आपोआप पुण्य लागतं. याच अँसेल कीजनं १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात एक प्रयोग केला. छत्तीस धडधाकट तरुण, स्वखुशीनं आलेले. त्यांना सहा महिने दिवसाला सोळाशे कॅलरींच्या आसपास जेवण दिलं. लक्षात घ्या, आज गल्लोगल्ली मिळणारे डाएटचे तक्ते बाराशेचे असतात. या तरुणांचं वजन साधारण चतुर्थांशानं घटलं, आणि त्याबरोबर त्यांची मनं अन्नाभोवती घिरट्या घालू लागली. पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, ताटल्या चाटायचे, चिडचिडे आणि उदास झाले. ही माणसं दुबळ्या मनाची नव्हती. युद्धात शस्त्र धरायला नकार देऊन त्याची किंमत मोजायची तयारी असलेली होती. त्यांच्या जिभेवर ताबा राहिला नाही, तर तुमच्या भाचीच्या राहावा?

अमेरिकेतल्या 'द बिगेस्ट लूजर' या वजन उतरवण्याच्या स्पर्धेतल्या चौदा जणांना संशोधकांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. २०१६ मध्ये निष्कर्ष आले. एक जण सोडून सगळ्यांचं वजन परत चढलं होतं. त्याहून बोलका आकडा पुढचा. त्यांची शरीरं विश्रांतीत जेवढी ऊर्जा जाळायला हवीत त्याहून दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होती, स्पर्धा संपून सहा वर्षं उलटल्यावरही. उपाशी ठेवलेलं शरीर दुष्काळ आला असं समजून काटकसर करतं; मालकाची सुट्टी, सण, लग्न त्याला कळत नाहीत. आपल्याकडे एका घरात सासूबाई डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीनं दोनदाच जेवणाऱ्या आणि सूनबाई ऋजुता दिवेकरांचं वाचून दर दोन तासांनी काहीतरी खाणाऱ्या, असं चित्र काही वर्षांपूर्वी घरोघरी होतं. कोणाला काय मानवलं ते ज्याचं त्याला माहीत. पण ज्याला मानवलं नाही त्यानं पद्धतीला दोष दिला नाही, स्वतःलाच दिला. या धंद्याची खरी गोम इथे आहे. उपाय फसला तरी गुन्हेगार गिऱ्हाईकच.

"निदान खेळाडूंनी तरी..." असं आता कोणी म्हणेल म्हणून ही गोष्ट. मार्च २०२५ च्या सुरुवातीला काँग्रेसच्या एका प्रवक्त्या बाईंना रोहित शर्मा खेळाडूच्या मानानं जाड वाटला. त्यांनी तसं लिहिलं, गदारोळ झाला, मजकूर मागे घेतला. आठवडाभरातच, ९ मार्चला, दुबईत चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात या जाड माणसानं ८३ चेंडूंत ७६ धावा केल्या, सामनावीर झाला आणि करंडक उचलला. दुसरा मुंबईकर सर्फराज खान. रणजीत ढिगानं धावा काढूनही वर्षानुवर्षं त्याच्या कंबरेवरच चर्चा. २०२३ मध्ये सुनील गावसकरांनी वैतागून सुनावलं होतं की सडपातळच पोरं हवी असतील तर फॅशन शोला जा आणि तिथल्यांच्या हाती बॅट-बॉल द्या. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये बंगळुरूत त्यानं न्यूझीलंडविरुद्ध १५० काढल्या. मग २०२५ मध्ये त्यानं १७ किलो वजन उतरवल्याच्या बातम्या आणि फोटो आले, साऱ्यांनी वाहवा केली. त्यानंतर मायदेशात वेस्ट इंडीज आणि दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या कसोटी मालिकांत त्याला जागा मिळाली? नाही. बारीक हो, मग बघू, असं सांगणाऱ्यांच्या शब्दाला किती किंमत असते ते त्याला आता कळलं असेल.

आता आनंदाचा मुद्दा, कारण माझं खरं भांडण इथेच आहे. व्यायाम कडूच असला पाहिजे, ही समजूत आली कुठून? ट्रेडमिलचा पूर्वज म्हणजे १८१८ च्या सुमारास विल्यम क्युबिट नावाच्या इंजिनिअरनं इंग्लंडच्या तुरुंगांसाठी काढलेलं पायचक्र. कैद्यांनी तासन्‌तास त्यावर चढत राहायचं, शिक्षा म्हणून. आपण त्याच यंत्राचे महिन्याला हजारो रुपये मोजतो, समोर भिंतीवर 'पोट घटवा'ची पाटी असते, आणि वर विचारतो की लोक दोन महिन्यांत जिम का सोडतात!

या मातीत तर अंग हलवण्याचे प्रकार मुळातच हसत-गात करण्याचे. श्रावणात मंगळागौर जागवणाऱ्या बायकांकडे कधी नीट बघितलंय? फुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा, बसफुगडी, गाठोडं. कोंबडा घालून बघा. जिममधल्या प्रशिक्षकाच्याही मांड्या थरथरतील. साठीतली, ऐंशी किलोंची बाई नऊवारीचा काष्टा मारून रात्री दोन वाजता फुगडी घालते आणि तिच्या हाताला धरलेली विशीतली सडपातळ सून आधी दमते. तिथे कोणी कोणाचं वजन विचारत नाही, विचारलाच तर घुमण्याचा वेग. आषाढीची वारी घ्या. आळंदीहून पंढरपूर जवळजवळ अडीचशे किलोमीटर, तीन आठवडे, पावसापाण्यात. त्या वाटेवर जाड आहेत, काटकुळे आहेत, पाठीत वाकलेल्या म्हाताऱ्या आहेत, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका आहेत. बीएमआय पंचविसाच्या खाली आणा, मगच दिंडीत नाव लिहू, असं कोणा विणेकऱ्यानं सांगितलं का? गणपतीतल्या ढोलपथकात कंबरेला अवजड ढोल बांधून दोन-दोन महिने सराव करणाऱ्या मुली, लेझीम, रविवारचा सिंहगड. (इथे लंबोदराचा दाखला द्यायचा मोह प्रत्येकाला होतो. मी आवरते, त्या बिचाऱ्याला आधीच पुष्कळ कामं आहेत.)

आनंद हा या सगळ्यावर वरून भुरभुरलेला मसाला नव्हे. जे आवडतं तेवढंच माणूस पुढच्या वर्षीही करतो, आणि आरोग्याचा सगळा हिशोब पुढच्या वर्षावर चालतो. अमेरिकेत डलासला स्टीव्हन ब्लेअर नावाचे संशोधक होऊन गेले. रोज धावणारे, आणि स्वतःच सांगत की मी बुटका, जाडा, टकला आहे. वजनापेक्षा तंदुरुस्ती मोजा, हा त्यांचा आयुष्यभराचा धोशा. २०१४ मध्ये त्यांनी आणि इतर काही संशोधकांनी दहा अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा, बीएमआय कितीही असो, दम नसलेल्यांना मृत्यूचा धोका तंदुरुस्त सडपातळ माणसांच्या दुप्पट निघाला. तंदुरुस्त जाड माणसांचा धोका सडपातळ तंदुरुस्तांच्या जवळपास होता. दिवसाला दहा हजार पावलांचा दंडकही असाच. १९६५ मध्ये एका जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नावच 'दहा हजार पावलं' ठेवलं. आकडा तिथून आला. २०१९ मध्ये सरासरी ७२ वर्षांच्या सुमारे सतरा हजार बायकांचा अभ्यास झाला. दिवसाला ४,४०० पावलं चालणाऱ्यांचा मृत्यूचा धोका २,७०० वाल्यांपेक्षा ठळकपणे कमी होता, आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा वाढणं थांबलं. भाजी आणायला पायी जाणं, नातवाला शाळेत सोडणं, मैत्रिणीबरोबर गप्पा मारत बागेला चार फेऱ्या. एवढ्यात बरंच काही साधतं. पण हे सांगून कोणाचा पाणउतारा होत नाही, म्हणून ते लिफ्टमध्ये कोणी सांगत नाही.

"म्हणजे वजनाचा आणि आजाराचा काही संबंधच नाही म्हणता?" नाही, असं मी म्हणत नाही, आणि तसं म्हणणारे जे कोणी आहेत त्यांच्याशी माझं जमत नाही. पोटातली चरबी वाईट. आपल्याकडे पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० ओलांडली की रक्त तपासून घ्यावं, हे मीही सांगते. गुडघ्याला भार होत असेल तर तो उतरवावा, औषध लागत असेल तर निःसंकोच घ्यावं. मग भांडण कशाचं? तपासणी, उपचार, चालणं, नीट जेवण यांपैकी कशासाठीही त्या शरीराचा तिरस्कार करावा लागत नाही, याचं. ज्याला आपण ओझं समजतो त्याची देखभाल कोणी मनापासून करत नाही. स्वतःचा दुस्वास करणारी बाई डोळ्यांसमोर वजनकाटा ठेवून वीस दिवस पळते आणि एकविसाव्या दिवशी काटा हलला नाही म्हणून बूट माळ्यावर टाकते. वीस दिवसांत तिचा दम वाढला, झोप सुधारली, साखर उतरली, हे कोणीच मोजलेलं नसतं.

अमेरिकेची थेरं? तिथे १९६९ मध्ये जाड माणसांच्या हक्कांसाठी संघटना निघाली, खरंय. पण किटो कुठल्या देशावरची? प्रोटीनचा डबा कोणत्या वाड्यातला? परदेशातून आलेला छळ चालतो, परदेशातून आलेली दया तेवढी खुपते. तिकडच्या कंपन्यांनी 'स्वतःवर प्रेम करा' म्हणत मलमं आणि लेगिंग्ज विकायला काढल्या, त्यांचं समर्थन मी करणार नाही. पण धंद्यानं एखादं खरं वाक्य पळवलं म्हणून ते खोटं होत नाही.

तेव्हा काळजीच वाटते ना? मग काळजीची कामं पुष्कळ पडली आहेत. शाळेतला खेळाचा तास परीक्षा जवळ आली की गणिताला देऊ नका. फुटपाथवरच्या गाड्या हलवा, म्हणजे सत्तरीच्या माणसाला रस्त्यावर न उतरता चालता येईल. पोहायच्या तलावावर मोठ्या मापाचे पोशाख ठेवा आणि काउंटरवरच्या पोराला डोळे खाली ठेवायला शिकवा. दवाखान्यात घसा दुखतोय म्हणून आलेल्याचा आधी घसा बघा. आणि घरातली गोष्ट. सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात गेली, पुरुषांची ८८. तिच्या वजनाची चिंता करणारे, तिला 'अर्धा तास स्वतःसाठी काढ' म्हणणारे तिचे नवरे, दीर, सासरे या २०१ मिनिटांच्या फरकात आरामात पेपर वाचत बसलेले असतात. तो अर्धा तास तिनं कुठून काढायचा? झोपेतून?

उद्यापासून सकाळी सव्वासहा ते सात ती बाहेर असेल. चालेल, पोहेल, मैत्रिणींबरोबर कट्ट्यावर नुसती हसत बसेल, तो तिचा प्रश्न. त्या वेळात दूध तापवायचं, कुकर लावायचा, मुलांचे डबे भरायचे, हे तुमच्याकडे. ती परतली की वजन किती उतरलं ते विचारायचं नाही. चहा ठेवायचा, साखर किती, ते तिला विचारून.